किल्लीवाल्याचा चेहरा

पाठमोरे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. छापखान्यातली माणसं, वाचक आणि पुढे पुढे त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांना पाठमोरेच म्हणू लागली. कारण साधं होतं. ज्या चित्रकथेमुळे त्यांचं नाव झालं, तिच्या नायकाचं तोंड त्यांनी कधी काढलंच नाही. नव्याण्णव अंक, दर अंकात बत्तीस पानं, आणि नायक सगळीकडे आपल्याकडे पाठ करून उभा. विद्वान मंडळी याला क्रांती म्हणत. खरी गोष्ट अशी होती, की पाठमोऱ्यांना एकच चेहरा दोनदा काढता येत नसे.

येत नसे म्हणजे अजिबात येत नसे. पहिल्यांदा काढलेला चेहरा असा उतरायचा, की बघणाऱ्याने झटकन नाव घ्यावं. पण तोच पुन्हा काढायला घेतला की पेन्सिल आपल्या मनाची होई. हनुवटी लांबायची, भुवया जवळ सरकायच्या आणि कागदावर भलताच कोणी येऊन बसायचा. तोही तितकाच जिवंत असे, फक्त ओळखीचा नसे. शाळेत असताना त्यांनी फळ्यावर कवायतीच्या मास्तरांचं चित्र काढलं. ते इतकं हुबेहूब झालं की वर्गाने बाकं वाजवली. मित्रांच्या आग्रहाखातर शेजारी तेच चित्र पुन्हा काढलं, तर ते हेडमास्तरांसारखं आलं. पहिल्या चित्राबद्दल नुसता कान धरला गेला असता. दुसऱ्यामुळे वडिलांना बोलावणं गेलं.

वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. दारावर पाटी होती, ‘ओळखपत्राचे फोटो, सहा प्रती’. एकच तोंड सहा वेळा, त्यात तिळमात्र फरक नाही, यावर त्यांचा संसार चालला होता. अशा माणसाच्या पोटी असा मुलगा यावा, याला काय म्हणावं? बाबा त्याला डार्करूममध्ये उभं करत, पाण्यातून एकसारखी सहा तोंडं वर येताना दाखवत आणि सांगत, की याला म्हणतात काम. मुलगा मन लावून बघे. त्याला ती सहा तोंडं सहा वेगळ्या माणसांची वाटत. हे त्याने एकदा भाबडेपणाने बोलून दाखवलं, आणि स्टुडिओ याच्या हाती द्यायचा विचार बाबांनी त्याच दिवशी सोडून दिला.

पहिली नोकरी मात्र नशिबाने अगदी त्यांच्याजोगी मिळाली. एका छापखान्यात काड्यापेट्यांवरची चित्रं काढायची होती. हत्ती एकदा काढायचा, जहाज एकदा काढायचं, पुढचे लाखभर हत्ती मशीन काढणार. पाच वर्षं पाठमोऱ्यांचं सुरळीत चाललं. मग छापखान्याच्या मालकांच्या डोक्यात मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढायचं आलं, आणि हत्ती इतका छान काढणारा माणूस घरातच असताना बाहेर कशाला शोधायचं, असा त्यांनी विचार केला.

मालक मूळचे जुळारी. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून वर आलेले. त्यामुळे काहीही वाचताना त्यांचं बोट ओळीवरून सरकायचं, आणि चित्रंही ते तशीच बोटाने वाचायचे. पाठमोऱ्यांनी पहिली गोष्ट काढून आणली, ती एका राजाची होती. मालकांचं बोट चौकटीमागून चौकट सरकत गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, की यात राजे किती आहेत. पाठमोरे म्हणाले, एकच. मालक म्हणाले, माझ्या मोजणीत अकरा भरले.

आणि ते खरं होतं. पहिल्या चौकटीत जो जेवायला बसला होता, त्याने दुसऱ्या चौकटीत हात धुतले नव्हते. हात धुणारा कोणी दूरचा मेव्हणा असावा असं वाटत होतं. युद्धाला एक गेला आणि जिंकून दुसराच आला. शेजारच्या टेबलावर संवादाच्या फुग्यांमधला मजकूर लिहिणाऱ्या बाई बसत. सगळे त्यांना अक्षरवाल्या बाई म्हणत. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की वाचकाला वाटेल, दर चौकटीत राज्य उलथतंय.

अंक चार दिवसांनी मशीनवर चढणार होता. पाठमोऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाईंना, आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी, आपली अडचण सांगून टाकली. बाईंनी लेखणी पुसली आणि जरा विचार करून विचारलं, “पाठ तरी सारखी येते का?”

हे त्यांनी कधी करूनच पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात कागदाच्या गोदामाचं कुलूप अडकलं होतं आणि एक किल्लीवाला येऊन तासभर त्याच्याशी झटत बसला होता. सगळ्या छापखान्याने त्याची फक्त पाठ पाहिली होती. पाठमोऱ्यांनी ती पाठ काढली. पुन्हा काढली. दहा वेळा काढली आणि दहाही वेळा तीच आली. मळकी कॉलर, उजवा खांदा किंचित खाली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांना इतका आनंद झाला की राजाच्या अकराही चेहऱ्यांचे कपटे करून त्यांनी टोपलीत टाकले. कुलूप उघडणारा माणूस वाकलेलाच असतो, त्याचं तोंड कुलपाकडेच असणार, त्यात कोणाला काय खटकणार, असं बाई म्हणाल्या. किल्लीवाल्याचा जन्म हा असा झाला. पुढे वर्षभरात बाईंचं आणि त्यांचं लग्नही झालं, तरी ते त्यांना बाईच म्हणत राहिले.

आता नायकाला तोंडच नाही म्हटल्यावर त्याला राग आलाय की हसू, हे दाखवायचं कसं? पाठमोऱ्यांनी ते काम बाकी सगळ्यांवर वाटून टाकलं. किल्लीवाला चिडला की जुडग्यातल्या किल्ल्या ताठ उभ्या राहत. तो खट्टू झाला की शर्टाच्या चुण्या खाली ओघळत. चौकटी कधी दाराएवढ्या उंच असत, कधी किल्लीच्या भोकाच्या आकाराच्या. एका अंकात तर कुलूप उलटं होतं म्हणून सगळी पानंच उलटी छापली होती, आणि आजोबा-नातवंडं पुस्तक डोक्यावर धरून वाचत बसली होती. बाकीची माणसं एकेका चौकटीपुरतीच येत. कोणाला दुसऱ्यांदा यावंच लागलं, तर त्याच्या तोंडासमोर छत्री, दार किंवा मांजर येई. ही मांजर इतकी लाडकी झाली की तिला वेगळी पत्रं येत. तिची पाठ काढावी लागत नसे, कारण मांजरी सगळ्या सारख्याच दिसतात, असं पाठमोऱ्यांचं मत होतं. हे मत त्यांनी मांजर पाळणाऱ्यांसमोर कधी मांडलं नाही.

वाचकांनी किल्लीवाल्याला डोक्यावर घेतलं. मग विद्वान आले. विद्वान नेहमी गर्दी जमल्यावर येतात आणि आपणच ती जमवली असा चेहरा करतात. एका सभेत एका गृहस्थांनी दीड तास सांगितलं, की हा चेहरा नसलेला माणूस म्हणजे आपल्या सगळ्यांच्या एकटेपणाची खूण आहे. पाठमोरे पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते आणि शेजारी बाई रुमालात तोंड खुपसून हसत होत्या. एकदा एका वार्ताहराला त्यांनी खरं सांगूनही पाहिलं. म्हणाले, अहो, मला येतच नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की एवढा मोठा कलावंत, पण विनय केवढा! त्यानंतर त्यांनी हात टेकले आणि लोक म्हणतील ते ऐकून घ्यायला सुरुवात केली.

या सगळ्यात एकच माणूस मनातून जळत होता. ते म्हणजे मुखपृष्ठवाले. हे मासिकाची मुखपृष्ठं रंगवत. त्यांचा हात नाकात बसलेला होता. म्हणजे त्यांनी रंगवलेलं नाक बघायला लोक दुकानासमोर थांबत. आठ वर्षं त्यांना दर महिन्याला एक कॉलर रंगवायला लागली होती. आपण कलेच्या शाळेत पहिले आलो ते याच्यासाठी का, असं ते ब्रश धुताना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत. शंभरावा अंक जवळ आला तसे ते मालकांच्या खोलीत जास्त दिसू लागले.

आणि नव्याण्णवाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर, पाठमोऱ्यांना न विचारता, मोठ्या टायपात छापून आलं, ‘पुढच्या अंकात किल्लीवाल्याचा चेहरा!’

पाठमोरे धावत मालकांकडे गेले. मालकांनी शांतपणे समजावलं, की शंभर अंक म्हणजे काही थोडेथोडके नाहीत, वाचकांना काहीतरी दिलं पाहिजे, आणि एकदा तोंड दाखवलं की एकशे एकपासून सरळ समोरूनच काढायचं, मग लपवायचं कारण काय. पाठमोऱ्यांनी विचारलं, की मला नाहीच जमलं तर? मालकांना ही थट्टा वाटली. ते हसत म्हणाले, की मग मुखपृष्ठवाले काढतील, ते कधीचे तयार आहेत. दारात मुखपृष्ठवाले उभेच होते, आणि त्यांच्या हातात नाकांची वही होती.

घरी येऊन पाठमोऱ्यांनी बाईंना सगळं सांगितलं. आठ वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आता चारचौघांत उघडी पडणार, आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे तर होतंच. पण खरी भीती दुसरी होती. किल्लीवाला त्यांच्या हातून जाणार होता. कोणी मूल पळवून न्यावं आणि त्याला नवीन नाक लावून रस्त्यावरून फिरवावं, तसं त्यांना वाटत होतं. “दुसऱ्याच्या हातचा किल्लीवाला मला बघवणार नाही, बाई,” ते म्हणाले.  बाईंनी ताट वाढलं आणि ते त्या दिवशी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. आधी पारदर्शक कागद आणला. एक चेहरा काढला आणि तोच खाली ठेवून पुन्हा पुन्हा गिरवला. चेहरा सारखा आला, पण मान जागची हलेना. चोर उजवीकडून आला तरी किल्लीवाला डावीकडेच बघतोय, घराला आग लागली तरी डावीकडेच. बाईंनी एका फुग्यात लिहून ठेवलं, ‘चोरसाहेब, जरा या बाजूने याल का?’ मग पाठमोऱ्यांनी रबराचा शिक्का कोरून घेतला. त्यात लांब उभ्या असलेल्या किल्लीवाल्याचं डोकं भोपळ्याएवढं दिसू लागलं. दाढी आणि काळा चष्मा लावून पाहिला, तेव्हा बाई म्हणाल्या, की हा कुलूप उघडायला आलेला वाटत नाही, फोडायला आलेला वाटतो.

एव्हाना नाकीनऊ आले होते. केस कापताना पाठमोऱ्यांनी सहज न्हाव्याला विचारलं, की किल्लीवाला कसा दिसत असेल. न्हावी आरशात बघून म्हणाला, साधारण माझ्यासारखाच ना? छापखान्याच्या पहारेकऱ्याला विचारलं, तर त्याने मिशी सारखी केली. आणि छापखान्यात वाचकांची पत्रं गोण्या भरून यायला लागली. लोकांनी आपापल्या परीने चेहरा काढून पाठवला होता. शाळेतल्या मुलांनी मुलाचा काढला होता. एका निवृत्त नर्सबाईंनी ठासून लिहिलं होतं, की हा माणूसच नाही, ही बाई आहे, इतक्या चिकाटीने कोणी पुरुष काम करत नाही. एका आजोबांनी चित्र येत नाही म्हणून स्वतःचा फोटोच चिकटवला होता.

पाठमोऱ्यांनी ती पत्रं घरी आणून दुपारभर जमिनीवर पसरली. पलंगाखालपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत तोंडंच तोंडं. त्यात एक दुसऱ्यासारखं नव्हतं. आधी त्यांना नुसताच हेवा वाटला, की यातल्या प्रत्येकाला तो फक्त एकदाच काढायचा होता. मग ते उकिडवे बसले ते बराच वेळ बसूनच राहिले. आठ वर्षं ही सगळी माणसं किल्लीवाल्याच्या पाठीमागे उभी आहेत. तो वळला तर त्याला काय दिसेल?

ते उठले आणि बोरूच्या काळ्या शाईची नवी बाटली फोडली.

नऊ दिवस ते दार लावून बसले. बाईंनी विचारलं, की फुगे कधी भरायला देताय, तेव्हा ते आतून म्हणाले, की यात अक्षरं नाहीत. त्यांना सांगायचं होतं, की चित्रच तसं आहे. बाईंनी ऐकलं, की तुमचं यात काम नाही. आठ वर्षांत एकही पान बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय मशीनवर चढलं नव्हतं. उरलेले सगळे दिवस त्या मीठ कुठे आहे एवढंच सांगत राहिल्या.

ठरल्या दिवशी पाठमोऱ्यांनी पानं मालकांच्या टेबलावर ठेवली. मुखपृष्ठवाले आले, मशीनवाले आले, पहारेकरीही दारात आला. बाई मुद्दाम आपल्या जागेवरून उठल्या नाहीत. पाठमोऱ्यांची पाचावर धारण बसली होती. मालकांचं बोट सरकू लागलं. गोष्ट साधी होती. एक कुलूप कशानेच उघडत नाही. एकोणतिसाव्या पानावर ते खट्‌ करून उघडतं, किल्लीवाला सरळ उभा राहतो, आणि शेवटच्या चौकटीत त्याची मळकी कॉलर वळायला लागते. मालकांनी पान उलटलं.

समोरासमोरच्या दोन पानांवर एकच चित्र होतं. त्याला चौकट नव्हती, फुगा नव्हता, आणि किल्लीवालाही नव्हता. नुसती माणसं होती. खिडकीत, जिन्यावर, एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेली, चारशे बारा माणसं, आणि सगळी थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. आठ वर्षं ज्यांनी त्याची पाठ पाहिली, त्यांना तो पहिल्यांदा समोरून पाहत होता. प्रत्येक चेहरा एकदाच काढलेला होता आणि प्रत्येकाचं नाव घ्यावं इतका तो खरा होता.

 मालकांचं बोट पहिल्या रांगेपासून निघालं, एकेका तोंडावर थांबत दुसरीत आलं, तिसरीत आलं, आणि एका जागी थबकलं. तिथे एक बुटका माणूस ओळीवर बोट ठेवून मान वर करून बघत होता. मालक तिथून हलेचनात. पहारेकरी आपली मिशी शोधत होता. मुखपृष्ठवाल्यांनी स्वतःला उजव्या जिन्यावर शोधून काढलं, बराच वेळ निरखलं आणि शेवटी नाइलाजाने म्हणाले, की नाक बरं आलंय. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी विचारलं, “पण किल्लीवाल्याचा चेहरा कुठे आहे?”

“हे सगळे ज्याच्याकडे बघतायत, त्याचाच तो चेहरा,” मालक म्हणाले. ते अजून स्वतःकडेच बघत होते.

“आणि एकशे एकाव्या अंकाचं काय?”

“त्याचं काय? तो वळला, त्याने बघून घेतलं. आता परत कामाला लागेल. कुलुपं काय संपली आहेत?”

अंक तीनदा छापावा लागला. लोक भिंग घेऊन आपलं तोंड शोधत. न्हाव्याने आपला चेहरा कापून आरशावर लावला, आणि समोरच्या दुकानातला न्हावी तो आपलाच आहे म्हणून भांडायला आला. विद्वान पुन्हा आले. या वेळी त्यांनी दोन तास घेतले.

बाईंनी मात्र अंकाला हात लावला नाही. तो तीन दिवस टेबलावर तसाच पडून होता. चौथ्या दिवशी दुपारी पाठमोरे एकशे एकाव्या अंकाची पाठ काढत बसले असताना त्यांना पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहायची हिंमत केली नाही. बऱ्याच वेळाने बाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं बोट चौथ्या रांगेत, खिडकीच्या कडेला होतं. तिथे कानावर लेखणी खोचलेली एक बाई होती.

“मी तुमच्याकडे अशी बघते?”

“कशी?” पाठमोऱ्यांनी भीत भीत विचारलं.

“याला आता चांगलं फैलावर घेणार आहे, पण आधी याचं जेवण होऊ दे, अशी.”

“रोज,” पाठमोरे म्हणाले. मग मनात होतं तेही बोलून टाकलं. सात वर्षं पेन्सिल हातात घेतली की तुमचाच चेहरा समोर यायचा आणि मी कागद बाजूला ठेवायचो. एकदाच काढता येणार होता. तो वाया घालवायचा नव्हता.

बाई चित्राकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी अंक मिटला आणि पदराने त्याच्यावर नसलेली धूळ पुसली.

“चांगली आली आहे,” त्या म्हणाल्या. “पण आता पुन्हा काढू नका. दुसरीच कोणीतरी येईल, आणि तिला मी या घरात घेणार नाही.”